हिशेब पटीचा, भाव नेमका

मैत्रिणींनो, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण आहे. समजा, सहलीहून परतताना वाटेत तुम्ही मासळी घ्यायला थांबलात. विकणारी बाई म्हणाली, “रोहू पाऊण किलो एकशे साठला.” तुम्ही निवडलेली मासळी भरली १ किलो १२५ ग्रॅम. आता पैसे किती द्यायचे?

“थोडी तर जास्त आहे, घे पन्नास वर,” असं म्हणून आपण २१० रुपये पुढे करतो. इथंच चुकतं, बरं का! वजन वाढलं की अंदाजानं भर घालायची नसते, पट काढायची असते. ११२५ ला ७५० नं भागा. उत्तर येतं दीड. मग किंमतही दीडपट: १६० ची दिडकी २४०. आपल्या अंदाजानं त्या बाईचे ३० रुपये बुडाले असते. दिवसभर उन्हात बसणारीला ते थोडे नाहीत.

आपल्या आज्या पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ म्हणायच्या, त्या याचसाठी. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त त्रैराशिक सांगितलं, तेही हेच. नवीन काही नाही, आपणच विसरलो.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पहिली, पट फक्त मालाच्या किमतीला लावायची. साफ करून देण्याचे सरसकट २० रुपये ठरले असतील, तर ते बाजूला ठेवा. २४० आणि २० मिळून झाले २६०. आधीच २० मिळवून १८० ची दीडपट केलीत, तर २७० होतील आणि दहा रुपये तुमचे जातील. दुसरी, मोठ्या माशाचा दर पुष्कळदा वेगळा असतो. तेव्हा “भाव तोच ना?” हे आधी विचारून घ्या.

हीच युक्ती तांदळालाही चालते. ५ किलोची पिशवी ३०० रुपयांना आणि २५ किलोचं पोतं १५५० ला मिळत असेल, तर स्वस्त काय? वजनाची पट पाच. तीनशे पंचे दीड हजार. म्हणजे पोतं ५० रुपयांनी महागच! मोठं ते स्वस्त, हे दरवेळी खरं नसतं.

पुढच्या बाजाराला जाताना एवढंच करा: आधी पट, मग पैसे. घेणारीचंही नुकसान नको आणि विकणारीचंही नको.