सिडनीत थांबतं, मग जळगावात का नाही?

जळगाव-धुळ्याच्या आयाबहिणींनो, बापांनो, डॉक्टरांनो,

हे पत्रक खतन्याबद्दल आहे. मुलाच्या नव्हे, मुलीच्या. दाऊदी बोहरा समाजात मुलगी साधारण सात वर्षांची झाली की तिच्या शिश्निकेवरची कातडी कापण्याची चाल आहे. भेंडीबाजारातली ही गोष्ट, आपलं काय, असं म्हणून हात झटकू नका. खिळे, रंग, काच घ्यायला आपण बोहरी दुकानातच जातो, आणि देशभरचे बोहरी ज्या दर्गा-ए-हकीमीला येतात तो ज्या गावात आहे ते बुऱ्हाणपूर रावेरच्या पलीकडेच आहे.

बोहरी समाजातल्याच मासूमा रनालवी यांनी आपली हकीकत जाहीरपणे सांगितली आहे. आईस्क्रीम घेऊन देते म्हणून आजी सात वर्षांच्या नातीला घेऊन निघाली, आणि नेलं ते भेंडीबाजारातल्या एका अंधाऱ्या घरात. तिथे पोरीला आडवं पाडून धरलं, कापलं, आणि रडत रडत घरी आणलं. वर ताकीद, कुणाला बोलायचं नाही. आजी दुष्ट नव्हती. तिच्याही बाबतीत असंच झालं होतं, म्हणून तर ही चाल टिकली.

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीची आग हे पहिल्या काही दिवसांचं झालं. पुढे लग्नानंतर वेदना, बधिरपणा, नवऱ्याचा स्पर्श नकोसा होणं. २०१८ साली या चालीविरुद्ध काम करणाऱ्या ‘वुई स्पीक आउट’ या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोललेल्या बायकांपैकी सुमारे ३३ टक्के जणींनी शरीरसंबंधांवर वाईट परिणाम झाल्याचं सांगितलं. आणि जिच्या कुशीत शिरायचं तिनेच धरून ठेवलं, ही सल कुठल्या तपासणीत दिसणार?

समर्थक म्हणतात, आमच्यात नुसती चीर देतात, इजा नाही. सात वर्षांच्या मुलीचा तो अवयव किती बारीक असतो, डॉक्टरांना विचारा. पात्याला कातडी कुठे संपते ते कळत नाही. काही बायका त्या कातडीला ‘हराम की बोटी’ म्हणतात. पोरीची वासना काबूत राहावी हा हेतू त्या नावातच उघडा पडतो. कुराणात याचा उल्लेख नाही. ‘दाइमुल इस्लाम’ या त्यांच्या जुन्या ग्रंथाचा आधार देतात, तो असेलही. पण २०१६ मध्ये सिडनी, लंडन आणि अमेरिकेतल्या बोहरी जमातींनी आपल्याच लोकांना लेखी कळवलं की इथला कायदा याला मनाई करतो, मुलींचा खतना करू नका. म्हणजे तुरुंगाचं दार दिसलं की हे फर्ज थांबवता येतं! मग ऑस्ट्रेलियातल्या मुलीला जी सूट, ती खानदेशातल्या मुलीला का नाही?

कारण आपलं सरकार. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका आली, तेव्हा महिला व बालविकास मंत्रालयाने अशा प्रथेची अधिकृत माहितीच नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात कधी विचारलंच नाही, तर माहिती येणार कुठून? पुढच्याच वर्षी ॲटर्नी जनरल वेणुगोपाल यांनी त्याच न्यायालयात सांगितलं की दंड संहिता आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली हा आताही गुन्हाच आहे. प्रकरण पाच न्यायमूर्तींकडे गेलं, तिथून शबरीमला मंदिरप्रवेशाच्या प्रश्नांबरोबर नऊ न्यायमूर्तींच्या दारात जाऊन पडलं. मुलीचं सातवं वर्ष काही तारखेची वाट बघत नाही.

बोहरी नाहीत त्यांनाही दोन शब्द. हे पत्रक घेऊन मुसलमानांवर तोंडसुख घ्यायला निघाला असाल तर आधी घरी बघा. देशातले बहुसंख्य मुसलमान ही चाल पाळत नाहीत. उलट २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८४२ होत्या, आणि ती कमाई सोनोग्राफीत गर्भलिंग तपासून घेणाऱ्या सगळ्यांची आहे.

बोहरी आयांनो, घरातली थोरली बाई तारीख ठरवायला लागली तर नाही म्हणा. नवऱ्यालाही बोलायला लावा. हा बायकांचा मामला म्हणून त्याने पेपरात तोंड खुपसून बसू नये. जमातीबाहेर टाकतील ही भीती खरी आहे, पण सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा कायदा केलेला आहे, तो वापरा. डॉक्टरांनो, दवाखान्यात स्वच्छ हातांनी केलं तरी ते कापणंच आहे. आणि कापलेली मुलगी तुमच्यासमोर आली तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे कळवणं तुम्हाला बंधनकारक आहे. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या बाह्यरुग्ण विभागात तशी पाटी मराठी, उर्दू आणि गुजरातीत लावावी, ही आमची मागणी आहे. कुणा मुलीची तारीख ठरल्याचं कळलं तर मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन करा. पैसे पडत नाहीत.