दिव्यातील तेल

दरवर्षी १२ मे हा दिवस आला, की परिचारिकांच्या गौरवाची भाषणे होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा तो जन्मदिवस. 'परिचारिका म्हणजे मूर्तिमंत करुणा' हे वाक्य मुलांच्या निबंधांतही हमखास येते, आणि त्याला गुण देणाऱ्यांपैकी मीही एक आहे. परंतु गतवर्षी आईच्या आजारपणात इस्पितळात काही रात्री काढल्यापासून त्या वाक्यापाशी माझी लेखणी अडखळते.

शेजारच्या खाटेवरील म्हातारी पाणी मागत होती. परिचारिका आली, पाणी दिले आणि तिच्याकडे न पाहताच वळली. मला राग आला. पहाटे तीच बाई भिंतीला टेकून उभ्या उभ्या डोळे मिटताना दिसली. विचारले तेव्हा कळले, की बदली न आल्याने तिची ही सलग दुसरी पाळी होती. "आधी रडू यायचे, आता तेही येत नाही," ती म्हणाली. माझा राग तेथेच ओसरला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, ते रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून. शक्तीचा क्षय, कामाविषयी दुरावा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना, अशी तिची तीन लक्षणे. भेद बारीक, पण महत्त्वाचा आहे. दोष त्या बाईच्या स्वभावात नव्हता. पाळ्यांच्या तक्त्यात होता.

आमच्या गोव्यात पूर्वी वैजीण घरी येई आणि एकाच बाळंतिणीपाशी रात्रभर बसे. इस्पितळांमुळे कितीतरी माता व अर्भके वाचली, हे निर्विवाद. पण प्रसूतिकक्षात एकाच सुईणीला अनेकींच्या कळांकडे धावावे लागले, तर धीराचा शब्द ती कोठून आणणार?

कोणी म्हणतील, सेवा हे व्रत आहे. व्रतात तास कसले मोजायचे? त्यांनी नाइटिंगेलचेच चरित्र पाहावे. १८५४ मध्ये ती स्कुटारीच्या इस्पितळात गेली. पुढे तिने सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे मांडून सांडपाणी, हवा आणि गर्दी यांकडे राज्यकर्त्यांचे लक्ष वेधले. केवळ करुणेवर तिने भिस्त ठेवली नाही. आणि युद्धावरून परतल्यावर तिचीही अनेक वर्षे अंथरुणावर गेली. आपण दिवा तेवढा लक्षात ठेवला!

उपाय अज्ञात नाहीत. परिचारिकांचे कामाचे तास, साप्ताहिक विश्रांती व रजा इतर कामगारांहून कमी प्रतीच्या नसाव्यात, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७७ च्या कराराने सांगितले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९९९ मध्ये कायदा केला. तेथील नियमांनुसार एका परिचारिकेकडे सामान्य कक्षात पाचांहून आणि अतिदक्षता कक्षात दोघांहून अधिक रुग्ण सोपविता येत नाहीत. या दोहोंत करुणेची स्तुती नाही, हिशेब आहे. रिकाम्या जागा भरा, पाळी संपली की तिला घरी जाऊ द्या, असा आग्रह आपणही धरला पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, पुढल्या १२ मे रोजी पुष्पगुच्छ अवश्य द्या, पण त्या भगिनीला एवढेही विचारा, "काल रात्री झोप मिळाली का?" दिव्याला नमस्कार करणारे पुष्कळ असतात. त्यात तेल आहे की नाही, हे पाहणारे हवे आहेत.