पाळीव अजगराचे घर

बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांतला बिनविषारी, लहान जातीचा अजगर. भ्याला की अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. तिकडे तो उंदरांच्या बिळांत, वाळवीच्या वारुळांत राहतो. आता हौसेने तो घरीही पाळतात. पण पिलाला शोभेची मोकळी काचपेटी देऊ नये. त्याला बिळासारखी जागा हवी.

पेटीच्या एका टोकाला सुमारे ३२ अंश सेल्सियस ऊब, दुसऱ्या टोकाला २६ अंश ठेवावी. दोन्हीकडे अंग चिकटून बसेल अशी लपायची जागा आणि पाण्याचे भांडे असावे. उबेच्या साधनाला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर कातडी भाजते. झाकणाला कडी लावावी. बारीक फटीतूनही पिल्लू निसटते. पिल्लू खात नसेल तर हट्टी म्हणू नये. आडोसा नसला की भीतीनेही ते खाणे सोडते.

आपल्या रानातला अजगर पाळणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. या परदेशी सापाचीही २०२२ च्या दुरुस्तीनंतर शासनाकडे नोंद करावी लागते.

मुक्या जिवाला पेटीत आपण ठेवतो. त्याची भीती ओळखणे हेही आपलेच काम आहे. ते जमणार नसेल तर साप घरी आणूच नये.