पवनाकाठचा कचरा

शनिवार आला की आमच्या तुर्भ्यातली पोरं गाडीच्या डिकीत तंबू, कोळसा, मसाला लावलेली कोंबडी भरून पवना धरण गाठतात. मीही गेलोय, म्हणूनच बोलतो. रविवारी काठावर उरतात बिर्याणीच्या प्लेटा, बाटल्या आणि डायपर. अख्ख्या नवी मुंबईचा कचरा तुर्भ्यात येतो म्हणून नाक दाबून संतापणारे आम्ही! दुसऱ्याच्या दारात तेच करून येतो.

"पैसे मोजलेत ना मामू," भाचा म्हणाला. कुणाला मोजलेस बाबा? या धरणात लोकांच्या जमिनी गेल्या. हेच पाणी बंद पाइपातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करत मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ ला एक्स्प्रेसवेवर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. त्याच रस्त्याने आपण गाणी लावून जातो.

वाहत्या नदीवरसुद्धा वुजूला पाणी जपून वापरावं, हे आपण लहानपणीच शिकलो. आणि तेलकट पातेली घासतो कुठे, तर धरणात!

पुढच्या शनिवारी भाचा परत बोलावतोय. येतो म्हटलंय. मार्केटातून कांद्याच्या दोन रिकाम्या गोण्या आधी डिकीत टाक, परतताना भरलेल्या दिसल्या पाहिजेत.