मेकॅनिकल एव्हरग्रीन आहे, पण कुणासाठी?

"मेकॅनिकल म्हणजे एव्हरग्रीन ब्रँच!" घरात दहावी-बारावीचं पोर असलं की हे ऐकवणारं कुणीतरी भेटतंच. असेलही एव्हरग्रीन. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिलं, त्या कॉलेजांसाठी तर नक्कीच!

मी स्वतः मेकॅनिकलचा, ऐरोलीत बसून जावा लिहितो. पगाराबद्दल तक्रार नाही. पण माझ्यासारख्याला कॉलेज 'मेकॅनिकलची प्लेसमेंट' म्हणून मोजतं, याला हरकत आहे. चार वर्षं फी घ्यायची थर्मोडायनॅमिक्सची आणि श्रेय लाटायचं कोडिंगच्या नोकरीचं! म्हणून ॲडमिशनच्या वेळी 'हायेस्ट पॅकेज' विचारूच नका. कोअर कंपनीत किती लागले आणि वर्गातल्या मधल्या पोराला किती पगार मिळाला, ते विचारा.

आता साधा हिशोब. बारावी करून डिग्री : २ + ४ = ६ वर्षं. दहावीनंतर डिप्लोमा आणि मग डायरेक्ट सेकंड इयर : ३ + ३ = ६ वर्षं. डिग्री तीच! सरकारी पॉलिटेक्निकची फी खासगी कॉलेजच्या मानाने किरकोळ, शिवाय बारावीच्या क्लासचे पैसे वाचतात. तीन वर्षांनी हातात डिप्लोमा असतो. टीटीसी एमआयडीसीत ॲप्रेंटिसशिप मिळवून लेथ, सीएनसी खरंच आवडतंय का ते बघता येतं. नाही आवडलं तर तिथेच थांबता येतं. डिप्लोमाला मार्क मात्र पाडायला हवेत, कारण पुढच्या ॲडमिशनलाही मेरिट लागतंच.

डिप्लोमा म्हटल्यावर लोक नाकं मुरडतील. मुरडू देत. एज्युकेशन लोनच्या फॉर्मवर सही लोकांची नसते, बाबांची असते.