रिक्त पद आणि अतिरिक्त कार्यभार

जीवशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत 'टीपा लिहा' या सदराखाली अन्नसाखळी, वसतिस्थान, परस्परावलंबन हे शब्द दरवर्षी येतात. विद्यार्थी त्यांच्या व्याख्या पाठ करतात आणि निकाल लागला की विसरतात. यात विद्यार्थ्यांचा फारसा दोष नाही. गवत, नाकतोडा, बेडूक, साप आणि ससाणा यांना बाणांनी जोडणाऱ्या त्या सुबक आकृतीत कोणाचे काही बिघडलेले कधी दिसत नाही. या व्याख्या समजून न घेतल्याची किंमत किती पडते, हे ज्या प्रकरणात भारताला पुरेपूर कळून आले, ते गिधाडांचे प्रकरण मात्र वर्गात सहसा विस्ताराने शिकविले जात नाही.

मराठी भाषेने या पक्ष्याचे कधी भले चिंतिलेले नाही. सावकार, साठेबाज, सत्तेच्या तुकड्यासाठी टपून बसलेले पुढारी या सर्वांना गिधाडाचीच उपमा मिळत आली. जटायू गृध्रकुळातला, हे कीर्तनातून ऐकलेल्या श्रोत्यांनाही गावाबाहेरच्या वठलेल्या झाडावर मान आखडून बसलेल्या त्याच्या वंशजाबद्दल आदर वाटला नाही. तरीही १९८० च्या दशकापर्यंत पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातील मोठ्या शिकारी पक्ष्यांमध्ये बहुधा सर्वाधिक संख्येने आढळणारा पक्षी समजला जाई. त्याला कारणही होते. या देशात गाईबैल मोठ्या प्रमाणावर पाळले जातात आणि त्यांतील पुष्कळसे खाल्ले न जाता मरतात. २०१९ च्या पशुगणनेत गाई-म्हशींची संख्या तीस कोटींच्या घरात होती. एवढ्या जनावरांपैकी दरवर्षी जी मरतात त्यांचे काय होते, असा प्रश्न एके काळी कोणाला पडला नाही; कारण तो सोडविणारी यंत्रणा आकाशात घिरट्या घालीत होती आणि तिचे देयक कोणत्याही कचेरीत येत नव्हते.

फुकट मिळणाऱ्या श्रमाची किंमत न करण्याची सवय येथे जुनीच आहे. मेलेले ढोर ओढणाऱ्या माणसाच्या श्रमालाही समाजाने मोल दिले नाही, दिली ती अस्पृश्यता. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांना ते काम टाकून देण्यास सांगितले आणि ते सर्वथैव योग्य होते. पक्ष्यांना अशी परिषद भरविता येत नाही. त्यांचे काम थांबले ते ते मेले म्हणूनच.

परिस्थितिकीत वसतिस्थान आणि कार्यस्थान या दोन कल्पना वेगळ्या मानल्या जातात. कचेरीतील टेबल आणि कचेरीतील पद यांत जो भेद आहे, तोच या दोहोंत आहे. गिधाडाचे टेबल म्हणजे कडा किंवा उंच झाड; त्याचे पद म्हणजे मेलेले जनावर रोगजंतू पसरण्यापूर्वी संपविणे. या पदासाठी लागणारी पात्रता त्याच्या शरीरातच आहे. त्याच्या जठरातील आम्ल अतिशय तीव्र असते आणि सडक्या मांसातील बहुतेक जंतू त्यात नष्ट होतात. डोक्यावर व मानेवर दाट पिसे नसल्याने लोळागोळ्यात मान खुपसूनही ते स्वच्छ राहू शकते. मोठ्या थव्याला गाईचे कलेवर हाडांपर्यंत साफ करण्यास तास पुरतो.

या कामामागील वर्तन अधिकच मनोवेधक आहे. येथील गिधाडांची मदार गंधावर नसून नजरेवर आहे. उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर पंख पसरून ती तरंगत राहतात, त्यामुळे शोधाचा खर्च थोडा पडतो. शिवाय प्रत्येक पक्षी जमिनीइतकेच शेजाऱ्याकडे लक्ष ठेवतो. एकाने खाली झेप घेतली की दूरवरचा दुसरा तिकडे वळतो, त्याला पाहून तिसरा, आणि कोणीही हाक न मारता पंगत बसते. शोधाची माहिती अशी विनामूल्य वाटली जाते, म्हणूनच दुर्मीळ आणि कोठे सापडेल याचा भरवसा नसलेल्या अन्नावर हा मोठा पक्षी जगू शकतो. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बाजारातील माहितीचे महत्त्व शिकविताना याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

त्याच्या प्रजननाचा हिशेब मात्र या उदारतेशी जुळणारा नाही. उंदीर वर्षातून अनेक वेळा पिल्ले देतो. त्याची संख्या घटली तरी एका पावसाळ्यात भरून येते. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू स्वतः घरटे करू लागण्यास पाच वर्षांच्या आसपास जातात. ही जात टिकते ती वाढलेल्या पक्ष्याला मरण क्वचित येते म्हणून. मुद्दल मोठे, पण व्याजाचा दर नगण्य, असे हे खाते आहे. त्यातून दरसाल थोडे जास्त काढले तरी ते पाहता पाहता रिकामे होते.

१९९० च्या दशकात नेमके हेच घडले. माणसांच्या दुखण्यावर वापरले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध पेटंटची मुदत संपल्यावर स्वस्त झाले आणि जनावरांच्या दवाखान्यांत पोहोचले. लंगडणाऱ्या बैलाला किंवा कासेला सूज आलेल्या म्हशीला त्याचा गुण लवकर येई. ते वापरणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. पेरणीच्या दिवसांत बैल उभा राहणे हा त्याच्या घरच्या जमाखर्चाचा प्रश्न होता आणि त्याने केलेली निवड त्याच्यापुरती शहाणपणाचीच होती. परंतु औषध टोचल्यानंतर थोड्या दिवसांत मेलेल्या जनावराच्या मांसात त्याचा अंश उरे आणि ते खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत. युरिक आम्लाचे खडूसारखे पांढरे थर त्याच्या आतड्या-काळजावर साचत आणि काही दिवसांत पक्षी मरे.

किती कलेवरे अशी दूषित असावीत? संशोधकांनी २००४ मध्ये मांडलेल्या गणितानुसार शंभरांत एक कलेवर दूषित असणेही आवश्यक नव्हते. त्याहून कमी प्रमाण संपूर्ण ऱ्हासाचा उलगडा करण्यास पुरेसे होते. ज्या वर्तनाने एका पक्ष्याचा शोध साऱ्या थव्याचा होत असे, त्याच वर्तनाने एका जनावरातील विष साऱ्या पंगतीला वाढले. अन्नसाखळीच्या आकृतीतील बाण एकाकडून एकाकडे जातो. प्रत्यक्षात तो एकाकडून पन्नासांकडे जात होता. वर्तन आणि परिस्थितिकी ही दोन प्रकरणे पुस्तकात वेगवेगळी छापण्याने काय निसटते, ते येथे कळते.

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटी साडेतीनशेच्या आसपास होती. पुढील पंधरा-वीस वर्षांत ती जवळजवळ नाहीशी झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी ही घट प्रथम नोंदविली. देशभर १९९२ ते २००७ या काळात या जातीच्या हजार पक्ष्यांमागे एक उरला. लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांचीही शंभरांमागे तीनच उरली. प्रारंभी संशय एखाद्या साथीच्या रोगावर होता. खरे कारण पाकिस्तानच्या पंजाबात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली सिद्ध केले. तोपर्यंत खाते रिकामे झाले होते. मुंबईत मलबार हिलवरील दखम्यात पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणाऱ्या उपकरणांचा आधार घ्यावा लागला, ही या ऱ्हासाची शहरी माणसाला जाणवलेली पहिली खूण.

सरकारी कचेरीत पद रिक्त झाले की ते भरले जात नाही, दुसऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार सोपविला जातो आणि काम कसे चालते ते सर्वांना ठाऊक असते. गिधाडांचा अतिरिक्त कार्यभार भटक्या कुत्र्यांकडे आणि उंदरांकडे गेला. कुत्रा कलेवर पूर्ण साफ करीत नाही, अर्धे कुजत ठेवतो. गिधाडासारखे जठर त्याला नाही. आणि पोट भरू लागले की त्याची संख्या झपाट्याने वाढते. तो रेबीजचा वाहकही आहे. २००८ मध्ये अनिल मार्कंड्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या अंदाजानुसार गिधाडे घटल्याच्या काळात कुत्र्यांची संख्या किमान ५५ लाखांनी वाढली आणि रेबीजने सत्तेचाळीस हजारांहून अधिक जादा माणसे दगावली.

याहून व्यापक हिशेब एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची रीत समजण्यास सोपी आहे. काही जिल्हे गिधाडांच्या राहणीस अनुकूल होते, काही नव्हते. औषध स्वस्त होण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या जिल्ह्यांतील मृत्युदर सारखेच वागत होते. नंतर गिधाडांच्या जिल्ह्यांतील मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. जनावरांची संख्या मोठी असलेल्या शहरी भागांत हा फरक सर्वांत ठळक होता. २००० ते २००५ या काळात दरवर्षी सुमारे एक लाख, म्हणजे एकूण पाच लाख माणसे एरवी मेली नसती, असा त्यांचा निष्कर्ष आहे आणि वार्षिक हानीचा आकडा ६९.४ अब्ज डॉलरचा. माणसाच्या प्राणाला डॉलरचा भाव लावण्याची ही अर्थशास्त्रीय खोड अनेकांना खटकेल. आकड्याच्या दशांशावर वादही घालता येईल. परंतु ज्या सेवेची किंमत अंदाजपत्रकात शून्य धरली गेली होती ती शून्य नव्हती, एवढे तरी त्याने निर्विवाद ठरते.

रॉबर्ट पेन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात समुद्रकाठच्या खडकांवरून एका जातीचे तारामासे काढून टाकले, तेव्हा तेथील पंधरा जातींपैकी आठच उरल्या. त्यावरून त्याने काही जातींना कमानीतील कळीच्या दगडाची उपमा दिली. तो प्रयोग एका खडकाळ किनाऱ्यावर, मोजूनमापून झाला होता. गिधाडांचा प्रयोग शंभर कोटी माणसांच्या देशात झाला आणि आपण तो करीत आहोत हे कोणाला ठाऊकही नव्हते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या. २०१५ मध्ये त्यांचा आकार तीन मिलिलिटरवर आणावा लागला. तोपर्यंत दुसरी वेदनाशामके प्रचारात आली होती. त्यांतील ॲसेक्लोफेनॅकचे तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच बनते! त्यावर आणि किटोप्रोफेनवर बंदी येण्यास २०२३ साल उजाडले. एकेका औषधामागे धावण्याची ही पद्धत वर्षाला एक अंडे घालणाऱ्या पक्ष्याला परवडणारी नाही. पिंजोरच्या केंद्रात वाढविलेली गिधाडे २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली, त्यांतील एक उडत उडत तामिळनाडूपर्यंत गेले. अभयारण्याच्या कुंपणात मावणारी ही जात नव्हे. वाटेतल्या कोणत्याही गावचे एक कलेवर वर्षानुवर्षांच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते.

मेलॉक्सिकॅम आणि टॉलफेनॅमिक आम्ल ही गिधाडांना निर्धोक ठरलेली औषधे बाजारात आहेत, तेव्हा बैलाचे दुखणे की पक्ष्याचा जीव असा पेच आता उरलेला नाही. उरलेला प्रश्न खर्चाचा आहे. जनावरांसाठी नवे वेदनाशामक विक्रीस येण्यापूर्वी ते मृतभक्षक पक्ष्यांना मारक नाही, हे सिद्ध करण्याचा भार उत्पादकावर टाकला तर औषध काही पैशांनी महागेल आणि परवान्यास विलंब लागेल. आज हा भार संशोधकांवर आहे. औषध गावोगाव पसरल्यावर आणि पक्षी मेल्यावर ते पुरावा गोळा करतात, आणि त्यानंतर बंदीची फाइल हलू लागते. परवाना देण्याच्या नियमांतच हा क्रम उलटा करावा आणि जिल्हा परिषदांच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांना होणाऱ्या पुरवठ्यात निर्धोक ठरलेल्या औषधांखेरीज दुसरे वेदनाशामक असू नये. यातील दुसरी गोष्ट करण्यास तर नव्या कायद्याचीही गरज नाही, खरेदीच्या यादीत दुरुस्ती केली तरी पुरे.