गळा हीदेखील श्रमशक्तीच

डिस्कोची लाट ओसरल्यावर कृष्णवर्णीयांच्या ऱ्हिदम अँड ब्लूज संगीतात मानाचे स्थान मिळवणारी गोरी अमेरिकन गायिका टीना मेरी २०१० साली निवर्तली. तिचे ‘स्क्वेअर बिझ’ (१९८१) गाजले. परंतु तिचा मोलाचा वारसा न्यायालयातला आहे. १९८२ साली तिने मोटाउन ही ध्वनिमुद्रिका कंपनी सोडली. कंपनीने तिच्या अन्यत्र गाण्यावर मनाई हुकूम मिळवला. १९८४ साली कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तो रद्द केला. वर्षाला किमान ६,००० डॉलर मोबदल्याची हमी न देणाऱ्या कराराच्या बळावर कलावंताला असे अडवता येणार नाही, असा तो निर्णय.

मोटाउनचे संस्थापक बेरी गॉर्डी स्वतः कृष्णवर्णीय. पण मालकाचा वर्ण बदलल्याने मालकीचा स्वभाव बदलत नाही. मोबदल्याची हमी न देता गळा बांधून ठेवणे, ही वेठबिगारीच होय.